चार वाट्या

लालबागच्या आमच्या खोलीत एकच लोखंडी खाट होती आणि तिचे चारही पाय वाट्यांत उभे असायचे. वाट्या म्हणजे डालड्याच्या डब्यांची कापलेली बुडं. अर्ध्यापर्यंत पाणी, वर रॉकेलचा तवंग. खाटेवर वडील झोपायचे, कारण मिलमधली त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. बाकी आम्ही सगळे खाली. दर शनिवारी आजी त्या वाट्या बदलायची, पण ओतून देण्याआधी एकेक वाटी खिडकीपाशी नेऊन काडीनं ढवळायची. "म्होरल्या पायाला दोन, भितीकडं सात," असं काहीतरी पुटपुटायची आणि मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून खिळ्याच्या भोकात सुई खुपसत बसायची. आम्हा पोरांना किळस यायची. ढेकूण मारायचे तर मारावेत, मोजायचे कशाला?

पुढं त्या मोजणीवरच माझं पोट चाललं.

1999 साली प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि एका पेस्ट कंट्रोल कंपनीत फोनवर तक्रारी लिहून घ्यायला लागले. काही महिन्यांनी साहेबांच्या लक्षात आलं की ढेकणांचे बरेचसे कॉल दारातूनच परत येतात. घरात बाई एकटी आणि दारात तीन पुरुष पंप घेऊन उभे. ती त्यांना झोपायच्या खोलीत गादी उलटी करायला कशी नेणार? म्हणून पाहणीला मला पाठवायला लागले. पगारात तीनशे रुपये वाढले. तेव्हापासून मी लोकांच्या गाद्या उचलतेय. 2011 पासून डोंबिवलीत माझं स्वतःचं छोटं काम आहे. हाताखाली दोन पोरं, लायसन्स माझ्या नावावर.

ढेकणांचा फोन आवाजावरून ओळखू येतो. झुरळांची तक्रार करणारा हॉलमध्ये उभा राहून मोठ्यानं बोलतो, वाळवीवाला तर बिल्डरशी भांडून झाल्यावर त्याच आवाजात माझ्याशी बोलतो. ढेकूणवाला बाथरूममधून बोलतो. "ते... बारीक असतात ना... रात्रीचे..." असं म्हणून थांबतो आणि तो शब्द मीच उच्चारावा म्हणून वाट बघतो. मग अटी सुरू होतात. कंपनीचं नाव छापलेला शर्ट नको. गाडी गेटबाहेर लावा. वॉचमननं विचारलं तर पाण्याच्या फिल्टरचं काम आहे म्हणा. एका बाईंनी तर पंप गिटारच्या पिशवीत घालून आणाल का, असं विचारलं होतं. आणलाही असता, पण आमच्याकडं गिटारची पिशवी नव्हती.

ही लाज महागात पडते. मादी दिवसाला दोन-चार अंडी घालते. आपल्याकडच्या उबेत ती आठवड्या-दहा दिवसांत फुटतात आणि महिन्या-दीड महिन्यात ते पिल्लू स्वतः अंडी घालण्याजोगं होतं. कुणाला कळू नये म्हणून काढलेले चार महिने म्हणजे त्यांच्या जवळजवळ तीन पिढ्या. आणि लाजायचं कशाला, तेही मला कधी समजलं नाही. ढेकूण घाणीनं होत नाही. त्याला खरकटं नको, ओल नको, मोरी नको. त्याला रक्त हवं आणि झोपलेल्या माणसापासून हातभर अंतरावर एक फट हवी. मी दहा बाय दहाच्या खोलीतही ढेकूण काढलेत आणि ज्या घराचा नुसता सोफा माझ्या फ्लॅटच्या हप्त्यांपेक्षा महाग होता तिथंही काढलेत. पण समजूत फार जुनी. ढेकणाच्या संगतीनं हिरासुद्धा भंगतो, हे तुकोबांच्या अभंगातही आलंय. मग फ्लॅटधारकांची काय कथा. 2023 साली पॅरिसमध्ये ढेकणांवरून गदारोळ झाला, तेव्हा माझ्या तीन जुन्या गिऱ्हाइकांनी ती बातमी मला पाठवली. तिघांच्याही मेसेजमध्ये सुटकेचा आनंद मावत नव्हता.

पाहणीला मला दोन तास लागतात. गिऱ्हाइकाला ते पटत नाही, कारण त्याला धूर, वास, ओली जमीन असं काहीतरी झालेलं दिसायला हवं असतं. मी आत नेते ते एवढंच: चांगली बॅटरी, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, बाद झालेलं एटीएम कार्ड, स्क्रू-ड्रायव्हर, कापसाच्या काड्या, पारदर्शक चिकटपट्टी आणि वही. पंप गाडीतच राहतो.

सुरुवात उशीकडून करायची. ढेकूण येतो तो आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर, म्हणून डोकं जिकडं तिकडची बाजू आधी. गादीचा गोट बोटांनी उलगडत जायचं, कोपऱ्यांना थांबायचं. कापसाची गादी असेल तर टाक्यांचे खळगे एकेक करून बघायचे. लोकांना वाटतं ते आत कापसात खोल बसलेत, आणि गादी पिंजाऱ्याकडं जाते. त्या बिचाऱ्याच्या दुकानात चार घरच्या गाद्या एकावर एक पडलेल्या असतात. ढेकूण काठावर असतो, आत नव्हे. गादी झाली की पलंग. आजीच्या लोखंडी खाटेला लपायला जागा होती ती सांध्यांची. आताचा प्लायवूडचा बॉक्स बेड बघा: स्क्रूची भोकं, सनमायका सुटलेल्या कडा, बिजागऱ्या, मधली फळी, आणि आत लग्नातल्या साड्या, जुने अल्बम, पाहुण्यांच्या रजया. ढेकणाला याहून चांगलं घर कुणी बांधून देणार नाही, आणि आपण ते हप्त्यानं बांधतो. त्यानंतर पलंगामागची भिंत, तसबिरींच्या पाठी, पडद्याची घडी, विजेचा बोर्ड. त्या फटींतून एटीएम कार्ड हळू ओढायचं आणि खाली पांढरा कागद धरायचा.

जिवंत ढेकूण शेवटी दिसतो, बऱ्याचदा दिसतही नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा. काळे ठिपके, बॉलपेन टेकवून उचलल्यासारखे. कापडावर असले तर शाई फुटावी तशी कड पसरलेली, लाकडावर असले तर किंचित उठून. झुरळाची लेंडीही काळीच असते, म्हणून ओल्या कापसाची काडी घासून पाहायची. तांबूस-तपकिरी ओघळ उमटला तर ते पचलेलं रक्त. अंडी मिलिमीटरभर लांब, मोत्यासारखी पांढरी, फटीत चिकटवलेली. अंड्यातून निघालेलं पिल्लू तिळाहून लहान आणि जवळपास पारदर्शक. रक्त प्यालं की चालता लाल थेंब.

मला सगळ्यांत विश्वासाची वाटते ती कात. पिल्लाला मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी आधी रक्त प्यावं लागतं. एका फटीत नुसत्या बारक्या काती सापडल्या तर बिऱ्हाड नवं आहे. पाचही मापांच्या काती एकत्र सापडल्या की समजावं, हे इथं बरेच दिवस राहताहेत आणि गिऱ्हाईक "परवापासून त्रास आहे" म्हणतंय ते खरं नाही. मी वाद घालत नाही. काती चिकटपट्टीवर घेते, वहीत लावते, तारीख लिहिते. वासावरूनही सांगता येतं, पण तो नाकाला कळण्याइतका झाला तर पाहणीची गरज उरत नाही. डब्यात कोंडून काळवंडलेल्या कोथिंबिरीसारखा वास. कोथिंबिरीच्या इंग्रजी नावाचं मूळ ग्रीक भाषेतल्या ढेकणाच्या नावात आहे असं म्हणतात, आणि ते ज्यानं ठेवलं त्यानं दोन्ही हुंगलेलं असणार.

अंगावरच्या चाव्यांवरून मात्र मी काहीच सांगत नाही. एकाच गादीवर झोपणाऱ्या नवरा-बायकोत एकाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याला खूणसुद्धा उमटत नाही. मग दुसरा म्हणतो, हिच्या मनाचे खेळ आहेत. बहुतेक वेळा "हिच्या"च मनाचे असतात, हेही नोंदवून ठेवते. उलटही घडतं. मुलुंडच्या एका घरात माझ्या आधी दोन कंपन्यांनी मिळून पाच वेळा ढेकणांची फवारणी केली होती. मला दोन तासांत एक ठिपका सापडला नाही, एक कात नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटमागं कबुतराचं सोडून दिलेलं घरटं होतं. त्यातली काटकी कागदावर झटकली तर टाचणीच्या टोकाएवढे किडे चालायला लागले. गोचिडीच्या गणगोतातले हे माइट. पिल्लं उडून गेली की त्यांना खायला उरत नाही आणि ते खिडकीतून आत येतात. घरटं काढलं, जागा धुतली, जाळी बसवली. पाच फवारण्यांचं औषध त्या घरातल्या माणसांनी अंथरुणात घेतलं ते फुकटच. दुसऱ्या एका घरी बोटांच्या बेचक्यांत खाज होती, आणि तीही घरातल्या सगळ्यांना. त्यांना मी त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवलं, खरूज निघाली. त्या दिवसाचे पैसे घ्यावेत की नाही यावर घरी वाद झाला. मी घेतले. "ढेकूण नाहीत" हे सांगायलाही तेवढाच वेळ लागतो.

वाट्यांकडं येते.

दहाएक वर्षांपूर्वी परदेशी बनावटीच्या प्लास्टिकच्या वाट्या पहिल्यांदा हातात पडल्या. एका वाटीत दुसरी वाटी, मधलीत पलंगाचा पाय. बाहेरची बाजू खरबरीत, म्हणजे ढेकूण चढून यावा. आतली गुळगुळीत, म्हणजे पडला की वर येऊ नये. बाहेरच्या खळग्यात सापडला तर तो खोलीतून पलंगाकडं निघालेला, आतल्या खळग्यात सापडला तर पलंगावरून खाली उतरलेला. मला हसूच आलं. आजीची डालड्याची वाटी होती ती, नुसतं रॉकेल तेवढं काढलेलं.

पण गणित जमेना. पलंगात ढेकूण आहेत हे डोळ्यांनी दिसायचं आणि वाट्या रिकाम्या. शेवटी काचेच्या बरणीत पकडून आणलेले ढेकूण घरी त्या वाटीत सोडून पाहिले (सासूबाई यावरून अजून बोलतात, आणि त्यांचं बरोबर आहे). बरेचसे बघता बघता भिंत चढून कडेवर आले. थंड देशांत जो ढेकूण मुख्यतः आढळतो ती जात वेगळी आणि आपल्याकडं सर्रास असलेली उष्ण प्रदेशातली जात वेगळी. भिंगाखाली डोक्यामागची ढाल पाहिली की फरक कळतो, आपल्याची अरुंद असते. पुढं 2017 साली प्रसिद्ध झालेला मलेशियातल्या संशोधकांचा निबंध वाचला तेव्हा उलगडा झाला. आपल्या जातीच्या पायाला पकड घेणारे केस जास्त असतात, त्यामुळं गुळगुळीत भिंत त्याला अडवत नाही. वाटी चांगली होती, पण ती त्यांच्या ढेकणासाठी केलेली होती. आता मी आतल्या बाजूला टाल्कम पावडरचा पातळ हात देते. पावसाळ्यात दमट हवेनं पावडर चिकट होते, म्हणून दर आठवड्याला पुसून नवी लावायची. पलंग भिंतीपासून वीतभर पुढं ओढायचा, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही, मच्छरदाणी आत खोचायची. म्हणजे पलंगावर यायला चार पायांशिवाय रस्ता उरत नाही.

एवढं कळूनही मी एकदा सपशेल चुकले. ठाण्यातलं एक कुटुंब फवारणीनंतर महिनाभर गावी गेलं. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन दर आठवड्याला मी स्वतः वाट्या पाहिल्या. चारही आठवडे रिकाम्या. मी लेखी दिलं: घरात ढेकूण नाहीत. मंडळी परतली, तिसऱ्या रात्री मुलीला चावले, चौथ्या दिवशी सकाळी फोन. त्या फोनवर मी काय बोलले ते आठवत नाही, पण का चुकले ते फोन ठेवताच कळलं. वाटी ढेकणाला बोलावत नाही. झोपलेला माणूस बोलावतो, वाटी फक्त वाटेत असते. रिकाम्या घरात त्यांना बाहेर पडायचं कारणच नव्हतं, आणि मोठा ढेकूण रक्तावाचून महिनोन्महिने तग धरतो. पैसे परत केले, काम पुन्हा केलं. मी सही केलेल्या त्या कागदाची झेरॉक्स वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलीय. बंद घर तपासायचंच असेल तर आता कोमट पाण्यात साखर आणि बेकरीतलं यीस्ट कालवून बाटलीत ठेवते. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि भुकेल्या ढेकणाला कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. पण माणसाची सर नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारते: या पलंगावर कोण झोपणार? लोकांनी तोवर हॉलमध्ये अंथरूण घातलेलं असतं. ते चुकतं, कारण ढेकूणही मागोमाग हॉलमध्ये जातात आणि एका खोलीचं काम दोन खोल्यांचं होतं.

दादरच्या एका घरात हा प्रश्न विचारला तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे माणसाला आमिष म्हणून ठेवायचं?" मी म्हटलं, हो. कोपऱ्यात वेताच्या आरामखुर्चीत सासरे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मी झोपतो. नाहीतरी मला झोप कुठं लागते."

आजोबा रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. मी त्यांना साधी वही दिली होती. पुढच्या खेपेला पाहिलं तर समास आखलेला, पलंगाच्या पायांना अ, ब, क, ड अशी नावं, बाहेरचा खळगा आणि आतला खळगा असे दोन रकाने, आणि रोज सकाळी सव्वासहाची नोंद. काही नसेल त्या खान्यात ते शून्य लिहीत नसत. सरकारी पत्रकात लिहितात तसं "निरंक" लिहीत.

माझ्या आधी त्या घरात दोन निर्णय होऊन गेले होते. एक, आजोबांची गादी फेकली होती. दोन, घरकामाच्या मावशींना काढलं होतं, कारण त्या झोपडपट्टीत राहायच्या. मावशी रोज दोन तास येत, फरशीवर बसून चहा घेत आणि जात. असा संशय मी शेकड्यांनी ऐकलाय. कामवाली, ड्रायव्हर, गावाकडचा भाचा, खालच्या मजल्यावरचे भाडेकरू. परदेशातून आलेल्या मुलाच्या बॅगेवर कुणी संशय घेत नाही.

दोन आठवड्यांत आजोबांच्या वहीत तीन ढेकूण जमा झाले. तिन्ही बाहेरच्या खळग्यात, तिन्ही "क" पायाला, म्हणजे खिडकीकडच्या. आतला खळगा सगळा निरंक. पानाच्या तळाशी त्यांनी शेरा मारला होता: "आवक बाहेरून." मला सांगायचं होतं ते त्यांनी दोन शब्दांत लिहून टाकलं होतं. पलंग स्वच्छ होता. गादी उगाच गेली. मी खिडकीची चौकट बघितली, पडदे काढले, बोर्ड उघडला, कपाटामागं गेले. काही नाही. दुसऱ्या खेपेलाही काही नाही.

तिसऱ्या खेपेला दुपारी अडीचला पोचले. आजोबा आरामखुर्चीत गाढ झोपले होते, तोंड उघडं, पेपर छातीवर. सूनबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "थांबा थोडं, साडेतीनला उठतात." मी बसले आणि बसल्या बसल्या माझी मलाच लाज वाटली. मी इतके दिवस माणूस रात्री कुठं झोपतो एवढंच विचारत होते. आजोबा उठल्यावर खुर्ची उलटी केली. बैठकीच्या चौकटीला वेत ओवायची जी भोकं असतात, त्या एकूण एक भोकांत ते होते; पाचही मापांच्या काती, अंडी, ठिपके, सगळं. रात्री झोप न लागणारा माणूस दुपारी नेमानं दोन तास झोपायचा, आणि ढेकणांनी आपलं घड्याळ त्याला लावून घेतलं होतं. रात्रपाळीच्या नर्सच्या खोलीत असं मी आधी पाहिलं होतं, पण ते मला तिथं आठवलं नाही. पलंगाच्या "क" पायाशी सापडले ते तिघे वाट चुकून गेलेले.

खुर्चीवर फवारणी केली नाही. वेत कापून, पिशवीत बांधून टाकला आणि चौकटीच्या भोकाभोकांतून वाफ दिली. पन्नास अंशांच्या वर उष्णता नीट पोचली की ढेकूणही जातो आणि अंडंही. चैत्र-वैशाखात गच्चीवर गाद्या घालणं, खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतणं यामागं तेच होतं. उन्हात फक्त गादीचा मधला भाग तेवढा तापत नाही. मग आठ आठवडे वाट्या. ते खुर्चीत आले कुठून, ते कळलं नाही. बहुतेक वेळा कळत नाही. मावशींना परत बोलावलंत का, असं मी शेवटच्या दिवशी निघताना विचारलं. त्यांनी दुसरीकडं काम धरलं होतं.

औषधाबद्दल मी इतका वेळ बोलले नाही, कारण ते सगळेच बोलतात. आमच्या साताऱ्याकडच्या गावात मलेरियाची डीडीटी फवारणी सुरू झाली तेव्हा डास गेले की नाही कुणास ठाऊक, पण ढेकूण पटापट मेले, म्हणून बायका फवारणीवाल्याला बोलावून घ्यायच्या, असं आजी सांगायची. काही वर्षांनी फवारलं की ते मरायचे नाहीत, उलट फटींतून बाहेर येऊन भिंतीभर हिंडायचे. मग त्याच बायकांनी दारं लावून घेतली. हवाईच्या पर्ल हार्बरमधल्या बराकींत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण 1947 सालीच सापडले होते. नंतर कितीतरी औषधं आली, टिक-ट्वेंटीचा वास तर आमच्या पिढीच्या नाकात अजून आहे. आताची औषधंही कुठं चालतात, कुठं नाही. कुठं चालली ते समजायचा मार्ग एकच: आधी मोजा, नंतर मोजा. अंडी बऱ्याच औषधांना दाद देत नाहीत, म्हणून बारा-पंधरा दिवसांनी दुसरा हात हवाच. "एकदाच फवारणी, एक वर्षाची गॅरंटी" असं सांगणाऱ्याला विचारावं, पंधरा दिवसांनी तू मोजायला येणार का?

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. "गोळ्या ठेवतो, चोवीस तास घर बंद ठेवा, एकही राहणार नाही" असं सांगणारे लोक फिरतात. त्या गोळ्या धान्याच्या गोदामात वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि तो तुमच्या भिंतीपाशी थांबत नाही. पाइपच्या बाजूनं, फटीतून शेजारच्या, वरच्या घरात जातो. यानं माणसं मेलीत, लहान मुलं मेलीत. ढेकणानं कुणी मेल्याचं मी ऐकलेलं नाही. तो माणसात रोग पसरवतो असंही सिद्ध झालेलं नाही. तो झोप घालवतो, खाज देतो, माणसाला आपल्याच अंथरुणाची भीती घालतो. पण त्यासाठी गोळ्या ठेवणाऱ्याला दारात उभं करू नका.

काम संपलं हे ठरवणं सगळ्यांत अवघड. ढेकूण आहे हे एका कातीनं सिद्ध होतं. नाही हे कशानं होणार? माझा नियम आठ आठवड्यांचा: त्या पलंगावर, त्या खुर्चीत रोज माणूस आणि वाट्या सलग रिकाम्या. त्यानंतरही फोन येतात. "काही दिसत नाही, पण वळवळल्यासारखं वाटतं." एक ताई दीड वर्ष रात्री दोनचा गजर लावून चादर तपासत होत्या. अशा घरी मी जाते, दोन तास सगळं बघते, भिंग त्यांच्या हातात देते. पंप त्या घरी कधी नेला नाही. दादरच्या आजोबांनी छप्पन्न दिवसांचं पत्रक भरून, खाली सही करून माझ्याकडं सुपूर्द केलं. ते माझ्या कपाटात आहे.

तुमच्या घरी संशय आला तर गादी फेकू नका, खोली बदलू नका, बाजारातला स्प्रे मारून त्यांना भिंतीत पांगवू नका. दिसलेला किडा चिरडू नका. पारदर्शक चिकटपट्टीवर घ्या, कागदावर लावा, तारीख आणि जागा लिहा, आणि माझ्यासारख्या कुणाला तरी मोठ्या आवाजात, हॉलमध्ये उभं राहून फोन करा. वॉचमनला काय सांगायचं ते आमचं आम्ही बघू.